आई-बाबांसोबत डिस्नी वर्ल्ड: मोबिलिटी स्कूटर नीट कशी वापरायची

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन जाणारी बरीच कुटुंबं मोबिलिटी स्कूटरचा, म्हणजे बसून चालवायच्या बॅटरीवरच्या तीन-चार चाकी गाडीचा, विचार पार्कच्या फाटकाशी पोहोचल्यावर सुरू करतात. तोवर भाड्याच्या स्कूटर संपलेल्या असतात. मिळालीच, तर आयुष्यात पहिल्यांदा ती चालवायची वेळ भर गर्दीत येते. त्यात 'स्कूटर असली की रांग लागत नाही' या ऐकीव माहितीवर दिवसाचा बेत आखलेला असतो. दुपारपर्यंत आई रडवेली, बाबा चिडलेले आणि स्कूटर एका कोपऱ्यात उभी.

हे टाळता येतं, फक्त क्रम पाळायला हवा. निवड, बुकिंग, तपासणी आणि सराव हे चारही टप्पे पार्कमध्ये पाऊल टाकण्याआधी संपलेले हवेत. पार्क ही स्कूटर शिकण्याची जागा नव्हे.

## टप्पा १: गरज आहे का, आणि स्कूटरच हवी का?

'मी रोज सोसायटीत चार फेऱ्या मारतो, मला नको' हे उत्तर बहुतेक घरांत ऐकू येतं. पण चार फेऱ्या झाल्या की माणूस घरी येऊन बसतो. डिस्नी वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कच्या वर्ल्ड शोकेस भागाची एक फेरीच जवळपास १.९ किलोमीटरची आहे. तिथवर पोहोचण्याचं चालणं वेगळं आणि प्रत्येक रांगेतलं उभं राहणं त्याहून वेगळं. गुडघ्यांना आणि कमरेला चालण्यापेक्षा हे उभं राहणंच जास्त जड जातं.

म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी घरच्या घरी एक चाचणी घ्या. एखाद्या मॉलमध्ये किंवा बाजारात दोन तास, मध्ये फक्त एकदा बसून फिरा. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, दुखणं वाढलं किंवा 'आज नको' असं उत्तर आलं, तर वाहन लागणार. सहलीत असे चार-पाच दिवस सलग येतात.

आता स्कूटर की ढकलायची व्हीलचेअर? पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तरच स्कूटर घ्या.

- दोन्ही हातांची पकड आणि बोटांची संवेदना चांगली आहे का? मधुमेहामुळे बोटं बधिर असतील तर वेगाच्या खटक्यावर किती दाब पडतोय ते कळत नाही.
- समोरचं आणि दोन्ही बाजूंचं नीट दिसतं का? काचबिंदूमुळे बाजूची नजर गेलेली असेल तर गर्दीत धोका आहे.
- मान दोन्हीकडे वळते का?
- स्वतः उठून दोन-चार पावलं चालून दुसऱ्या आसनावर बसता येतं का?
- कंपवात, फिट, विस्मरण किंवा गुंगी आणणारं औषध यांपैकी काहीही नाही ना?

एक जरी उत्तर अडलं तर व्हीलचेअर बरी. मात्र ती ढकलायला दोन धडधाकट माणसं आलटून पालटून हवीत. सत्तर किलोचा माणूस फ्लोरिडाच्या उन्हात एकट्याने दिवसभर ढकलणं जमत नाही, हे आधीच मान्य करा. आई आणि बाबा दोघांनाही गरज असेल तर दोन स्कूटर घ्या. एका स्कूटरवर एकच माणूस बसतो.

'मी काय अपंग झालेय का?' हा प्रश्न येणारच. तो घरी, निवांत वेळी येऊ द्या, फाटकावर चारचौघांत नको. स्कूटर घेतली म्हणून चालायचं नाही असं काही नाही, ती फक्त लांबच्या अंतरासाठी आहे. हवं तिथे उतरून चालता येतं. भाड्याने घ्यायला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागत नाही, वाहन परवानाही लागत नाही. आणि तिथे स्कूटरवरून फिरणारी माणसं इतकी दिसतात की कोणी वळूनही पाहत नाही. हे शेवटचं वाक्य सहसा सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

## टप्पा २: कुठून घ्यायची?

पार्कमध्ये स्कूटरला ईसीव्ही म्हणतात. तिकडच्या पाट्यांवर, नकाशावर आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडी हाच शब्द असेल, तो आई-बाबांनाही सांगून ठेवा.

पार्कच्या आतून भाड्याने घेतली तर. आगाऊ बुकिंग होत नाही. जो आधी येईल त्याला मिळते आणि गर्दीच्या दिवशी सकाळीच संपतात. चालवणाऱ्याचं वय किमान १८ लागतं. ही स्कूटर पार्कबाहेर नेता येत नाही. म्हणजे बसथांब्यापासून किंवा गाडीतळापासून भाड्याच्या काउंटरपर्यंत चालत जायचं. रात्री आतषबाजी संपली की स्कूटर परत करून पुन्हा बसपर्यंत चालत यायचं. दिवसातलं सगळ्यात अवघड चालणं नेमकं हेच असतं, पाय संपलेले असताना. एकाच दिवशी दुसऱ्या पार्कात जाणार असाल तर पावती जपून ठेवा. ती दाखवून तिथे दुसरी स्कूटर मागता येते, पण शिल्लक असेल तरच.

बाहेरच्या कंपनीकडून घेतली तर. आगाऊ बुकिंग होतं, स्कूटर हॉटेलवर येते आणि खोलीपासून खोलीपर्यंत तीच वापरता येते. दोन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर हाच मार्ग घ्या. आमच्या मते एका दिवसाच्या भेटीलासुद्धा हाच जास्त खात्रीचा आहे. फोनवर किंवा ईमेलवर हे लेखी विचारून घ्या:

1. स्कूटर हॉटेलच्या सामान काउंटरवर ठेवून जाणार, की प्रत्यक्ष हातात देणार? डिस्नीच्या हॉटेलांमध्ये सगळ्याच कंपन्यांना स्कूटर ठेवून जाण्याची परवानगी नाही. हातात देणार असतील तर त्या वेळी तुम्हाला तिथे हजर राहावं लागेल आणि विमान उशिरा आलं तर घोळ होईल.
2. पूर्ण लांबी-रुंदी किती?
3. वजनाची मर्यादा किती?
4. मोठी बॅटरी मिळेल का?
5. पार्कमध्ये बंद पडली तर बदली स्कूटर कुठे आणि किती वेळात?
6. चोरी आणि मोडतोडीचं संरक्षण भाड्यात धरलंय की वेगळं?

जवळच्या किसिमी गावातल्या भाड्याच्या घरात उतरणार असाल तर स्कूटर घरी पोहोचवतात का, हे वेगळं विचारा. प्रवासी स्कूटरचे चार-पाच भाग सुटे होऊन गाडीच्या डिकीत बसतात. तरी सगळ्यात जड भाग १५ किलोच्या आसपास असतो. तो रोज उचलणार कोण, हेही ठरवा.

सावधान. पुण्या-मुंबईहून स्वतःची स्कूटर नेण्याचा विचार असेल तर दोन अडचणी आहेत. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट असते आणि फक्त २३० व्होल्टवर चालणारा चार्जर तिथे निकामी आहे. दुसरी, विमानाची. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपेक्षा मोठी चालत नाही, दोन असतील तर प्रत्येकी १६०. ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि एअरलाइनला आधी कळवावं लागतं. शरीराला सवय झालेली खास खुर्ची नसेल तर तिथेच भाड्याने घ्या. विमानतळावरच्या व्हीलचेअरची मागणी मात्र तिकीट काढतानाच नोंदवा. तिचा पार्कमधल्या स्कूटरशी संबंध नाही.

## टप्पा ३: मापं आणि प्रकार

पार्कमध्ये ३६ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, म्हणजे साधारण ९१ बाय १३२ सेंटिमीटर, इथपर्यंतचं वाहन चालतं. पण डिस्नीच्या बसची मर्यादा त्याहून लहान आहे: ३२ बाय ४८ इंच, साधारण ८१ बाय १२२ सेंटिमीटर. लोक पार्कचं माप बघून मोठी, गुबगुबीत स्कूटर घेतात आणि बसच्या रॅम्पवर अडकतात. हॉटेलच्या बसने फिरणार असाल तर बसचंच माप खरं माना.

तीन चाकी स्कूटर कमी जागेत वळते आणि पाय ठेवायला जागा जास्त देते. पण वळणावर वेग असेल तर ती कलते. चार चाकी वळायला थोडी जास्त जागा घेते, पण स्थिर असते. ज्यांनी कधी काहीच चालवलेलं नाही त्यांच्यासाठी चार चाकी.

वजन सांगताना माणसाचं वजन, पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या धरून सांगा. मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर एक आकार मोठी घ्या. जास्त भाराने बॅटरी लवकर उतरते आणि चढावर मोटर दम टाकते.

## टप्पा ४: ताब्यात घेताना तपासणी

घाईत सही करू नका. दहा मिनिटं लागतात.

1. किल्ली फिरवा, बॅटरीचा काटा किंवा दिवे पूर्ण भरलेले दिसतायत ना बघा.
2. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे चालवून बघा. मागे जाताना बीप वाजायला हवा.
3. खटका सोडल्यावर स्कूटर लगेच थांबते का?
4. आसनाखालचा खटका दाबून आसन फिरवा. ते पुन्हा 'टक' आवाज करून घट्ट बसायला हवं.
5. आसनाची उंची लावा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. हँडल असं लावा की कोपर थोडं वाकलेलं राहील.
6. मागच्या चाकांजवळचा मोकळं फिरवण्याचा लिव्हर शोधा. तो सोडलेला असला की मोटर आणि ब्रेक दोन्ही सुटतात आणि स्कूटर हाताने ढकलता येते. उतारावर तो कधीही सोडू नका.
7. चार्जर सोबत आहे ना? कंपनीचा फोन नंबर मोबाइलमध्ये आणि स्कूटरच्या टोपलीत, दोन्हीकडे हवा.
8. आधीचे ओरखडे फोटोत टिपा.

ओळखीची खूण. एकाच कंपनीच्या शेकडो स्कूटर एकसारख्या दिसतात आणि एका मॉडेलची किल्ली बऱ्याचदा दुसऱ्यालाही लागते. कोणीतरी चुकून तुमची घेऊन जातं. आसनाच्या पाठीला साडीच्या जुन्या काठाची पट्टी किंवा ठळक रंगाचा गोंडा बांधा. आजोबांना लांबूनही आपली स्कूटर ओळखू येते.

## टप्पा ५: सराव, किमान दोन तास

सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा हाच, आणि बरेच अपघात इथल्या कमतरतेतून होतात. पार्कमध्ये जायच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या रिकाम्या वाटेवर सराव करा. जेट लॅग उतरायच्या आत नको.

आधी यंत्र समजावून सांगा. हँडलखाली दोन बाजूंना खटके असतात. एक दाबला की पुढे, दुसरा दाबला की मागे. कुठला कोणता ते त्या स्कूटरवर बघून पाठ करा. खटका सोडला की ब्रेक आपोआप लागतो. थांबवण्यासाठी वेगळं काहीही दाबायचं नाही.

आपल्याकडच्या माणसांची अडचण नेमकी इथे होते. ज्या बाबांनी तीस वर्षं बजाज किंवा लुना चालवली, त्यांच्या बोटांना एकच माहीत आहे: थांबायचं असेल तर हँडलजवळचा लिव्हर दाबायचा. इथे दाबलं की गाडी पळते. समोर अचानक मूल आलं, घाबरून हँडल घट्ट आवळलं की खटका आणखी दाबला जातो. दुसरी सवय पाय खाली टेकवण्याची. दुचाकी थांबताना आपण पाय टेकतो, इथे टेकलेला पाय चाकाखाली येतो. म्हणून सरावात एकच वाक्य शंभर वेळा म्हणून घ्या: हात सोडा, पाय वर. तुम्ही बाजूने चालताना अचानक 'थांबा!' म्हणा आणि दोन्ही हात सुटतात का बघा. दहापैकी दहा वेळा सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग हा क्रम धरा.

1. वेगाची चकती कासवाच्या चित्रावर ठेवा. सशाकडे सहलभर वळवायची गरज नाही.
2. सरळ रेषेत वीस पावलं जाऊन थांबणं, पाच वेळा.
3. पाण्याच्या बाटल्या जमिनीवर ठेवून त्यांच्यामधून नागमोडी.
4. मागे घेणं. आधी मान वळवून बघायचं, मग खटका.
5. दोन खुर्च्यांच्या मधे, भिंतीला समांतर लावणं. बसमध्ये हेच लागणार आहे, इथे आळस करू नका.
6. लिफ्टमध्ये सरळ शिरून उलटं बाहेर येणं.
7. फुटपाथच्या उतारावरून चढणं-उतरणं, नेहमी सरळ. तिरकं गेलं की कलते.
8. बसणं-उतरणं. आधी किल्ली बंद, मग आसन फिरवायचं, मग उठायचं. किल्ली चालू ठेवून हँडलचा आधार घेत उठलं की खटका दाबला जातो आणि स्कूटर निघते. उतरताना पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

आजींसाठी एक वेगळी सूचना. साडीचा पदर, ओढणी किंवा शालीचं टोक मागच्या चाकात जाऊ शकतं. पदर कमरेला घट्ट खोचून पिन लावा, निऱ्या पायांच्या आत घ्या. जमत असेल तर त्या दिवसांसाठी पंजाबी ड्रेस किंवा पँट जास्त सुरक्षित.

तपासा. सराव संपताना तिन्ही गोष्टी जमल्या का: हाक मारल्याबरोबर थांबणं, समांतर लावणं, किल्ली बंद करून उतरणं? एकही अडली तर दुसऱ्या दिवशी पार्कऐवजी हॉटेलच्या आवारात किंवा डिस्नी स्प्रिंग्जसारख्या खरेदीच्या भागात, सकाळी गर्दी नसताना फिरवा. एक दिवस गेला तरी चालेल.

## टप्पा ६: पार्कपर्यंत पोहोचणं

बस. थांब्यावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेल्या जागी थांबा. चालक रॅम्प खाली सोडतो आणि स्कूटरला आधी चढवतो. कासवाच्या वेगाने सरळ वर जायचं आणि आत नेमलेल्या जागेत समांतर लावायची. मग चालक पट्ट्यांनी ती बांधतो. बसमध्ये अशा जागा मोजक्याच, बहुतेक वेळा दोन. भरल्या असतील तर पुढच्या बसची वाट बघायची. म्हणून अर्धा तास जास्तीचा धरून निघा. समांतर लावणं आईला जमत नसेल तर तिने चालत चढावं आणि स्कूटर घरातल्या जाणत्याने आत न्यावी. मागे लोक बघतायत म्हणून आईवर घाई करू नका. घाईतच स्कूटर खांबाला धडकते.

स्वतःची गाडी. मॅजिक किंगडम या पार्कला गाडी थेट फाटकाशी जात नाही. ट्रान्सपोर्टेशन अँड टिकट सेंटरला लावून पुढे मोनोरेल किंवा फेरी बोट घ्यावी लागते. हॉटेलच्या बस मात्र फाटकाजवळ सोडतात. मोनोरेलला कर्मचारी फळी टाकून देतात, ती आल्याशिवाय चढू नका. मोठ्या फेरी बोटीत स्कूटर सरळ आत जाते आणि पहिल्या दिवशी आम्ही तीच सुचवू, कारण जागा भरपूर आणि घाई नाही. हॉटेलच्या छोट्या बोटींत स्कूटर चढेल का, हे ती बोट आणि पाण्याची पातळी यांवर अवलंबून असतं, तिथल्या माणसाला विचारा.

स्कायलायनर (रोपवे). स्कूटरसाठी वेगळी वाट असते आणि तिथे पाळणा पूर्ण थांबतो. चालत्या पाळण्यात चढायचा प्रयत्न करायचा नाही, बाजूच्या वाटेकडे जा.

## टप्पा ७: पार्कमधले रस्ते

स्कूटरवरचा माणूस लोकांच्या नजरेच्या खाली असतो. मोबाइलमध्ये बघत चालणारे सरळ समोर येऊन थांबतात. म्हणून एक माणूस दोन पावलं पुढे, स्कूटरच्या रेषेत. तो वाट करतो आणि थांबायचं असेल तर हात वर करतो. दुसरा बाजूला. नातवंडांनी समोरून पळत जायचं नाही, हे त्यांना सकाळीच बजावा.

नातवाला मांडीवर किंवा पाय ठेवायच्या फळीवर उभं करून नेणं सक्त बंद. मुलाचा हात सहज खटक्यावर पडतो. पिशव्या आसनाच्या पाठीला लटकवू नका. चढावर स्कूटर मागे कलते. सामान पुढच्या टोपलीत, जड बाटल्या तुमच्या पाठीवर.

जागा जिथे अडतं:

- मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोडागाडीचे रूळ आहेत. छोटं पुढचं चाक त्यात शिरलं की हँडल हिसका देतं. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा, त्यांच्या बाजूबाजूने चालवू नका.
- अ‍ॅनिमल किंगडमची जमीन मुद्दाम खडबडीत ठेवलेली आहे. पाठदुखी असेल तर इथे अर्धाच दिवस ठेवा आणि पातळ उशी न्या.
- एपकॉटच्या वर्ल्ड शोकेसमध्ये पुलांचे चढ-उतार आहेत. उतारावर खटका हळूहळू सोडत या आणि वळण घेऊ नका.

आतषबाजी संपल्यावर लगेच निघू नका. अर्धा-पाऊण तास एका कडेला बसून राहा, दुकानं थोडा वेळ उघडी असतात. हजारो माणसं एकाच दिशेने, अंधारात, पेंगुळलेली मुलं कडेवर घेऊन चाललेली असताना स्कूटर चालवायची नसते. हा अर्धा तास वाचवण्यासाठी निघालेल्यांचेच पाय चिरडतात, स्वतःचे किंवा दुसऱ्याचे.

## टप्पा ८: रांगा आणि राइड

स्कूटरमुळे रांग चुकत नाही. बहुतेक रांगा रुंद बांधलेल्या आहेत आणि स्कूटर घेऊन सगळ्यांसोबत त्याच रांगेतून जायचं असतं. जुन्या राइडची, विशेषतः मॅजिक किंगडममधली, रांग अरुंद असेल तर कर्मचारी दुसरं दार दाखवतात किंवा परत येण्याची वेळ देतात. ती वेळ साधारण रांगेत लागला असता तेवढीच असते. डीएएस (डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) ही वेगळी सोय आहे. २०२४ पासून ती ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींमुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठीच ठेवली आहे. गुडघेदुखी किंवा चालण्याची अडचण त्यात बसत नाही, तेव्हा त्यावर बेत बांधू नका. थांबणं खरोखर कमी करायचं असेल तर पैसे भरून लायटनिंग लेन ही कमी थांबायची वेगळी रांग घ्या, किंवा फाटक उघडायच्या आधी पोहोचा.

राइडचे चार प्रकार समजून घ्या. डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक राइडच्या पानावर ही माहिती असते. आदल्या रात्री बघून यादी करा.

1. स्कूटरवर बसूनच. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, हॉल ऑफ प्रेसिडेंट्स, एपकॉटमधला अमेरिकन अ‍ॅडव्हेंचर. सावली, गारवा आणि बसायला मिळतं. दुपारच्या उन्हासाठी हे राखून ठेवा.
2. स्कूटर सोडून पार्कच्या साध्या व्हीलचेअरवर. इट्स अ स्मॉल वर्ल्ड, जंगल क्रूझ, लिव्हिंग विथ द लँड, किलिमांजारो सफारीज. व्हीलचेअर तिथेच मिळते, पण ढकलायला घरचं माणूस लागतं. चालता येत असेल तर सरळ राइडच्या आसनावरही बसता येतं.
3. व्हीलचेअरवरून राइडच्या आसनावर सरकून. कर्मचारी कोणाला उचलत नाहीत. आधार देणारं माणूस तुमचं.
4. स्वतः पावलं टाकत चढणं. पीटर पॅन्स फ्लाइट आणि स्पेसशिप अर्थ यांत हे लागतं.

चौथ्या प्रकारात आणि हॉन्टेड मॅन्शनसारख्या ठिकाणी चढण्याची जागा ही सरकता पट्टा असते. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आई बिचकते का, हा इथला खरा निकष. बिचकत असेल तर पट्टा हळू करता येईल का ते आत शिरण्याआधी विचारा. काही राइडमध्ये होतो. पीटर पॅनमध्ये थांबत नाही, तिथे आग्रह करू नका.

तपासा. स्कूटर बाहेर ठेवताना किल्ली काढली का? कुठे ठेवली त्याचा फोटो घेतला का? औषधांची पिशवी टोपलीत राहिली तर नाही ना?

## टप्पा ९: ऊन, पाऊस, औषधं

बसून फिरणाऱ्याला घाम कमी येतो, त्यामुळे तहान लागल्याचं कळत नाही. ऊन मात्र तेवढंच लागतं आणि काळं आसन तापतं. आसनावर टॉवेल टाका, रुंद कडेची टोपी द्या आणि दर तासाला पाणी. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो.

जून ते सप्टेंबर दुपारी वीज-वाऱ्यासह पाऊस नेहमीचा. स्कूटरचा नाजूक भाग म्हणजे हँडलवरची बटणं. दोन मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या टोपलीत असू द्या, एक हँडलवर आणि एक आसनावर. राइडला जातानाही आभाळ भरलं असेल तर आधी झाका. ओल्या फरशीवर उतार टाळा.

इन्सुलिन थंड ठेवायची सोय प्रत्येक पार्कच्या फर्स्ट एडमध्ये होते. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. शौचालयासाठी कम्पॅनियन रेस्टरूम नकाशावर खूण करून ठेवा. तिथे मुलगा आईसोबत किंवा सून सासऱ्यांसोबत आत जाऊ शकते आणि स्कूटरही मावते.

## टप्पा १०: रात्री चार्जिंग, आणि बंद पडली तर

स्कूटर खोलीत घ्या, व्हरांड्यात नको. किल्ली बंद, चार्जर लावा, चार्जरचा दिवा लागलाय ना बघा आणि मगच झोपा. भिंतीतला तो प्लग खोलीच्या दिव्याच्या बटणावर चालणारा असेल तर दिवा मालवल्यावर चार्जिंगही थांबतं. हे सकाळी कळतं. निम्मी बॅटरी शिल्लक असली तरी रोज रात्री पूर्ण भरा. कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्मंच खरं धरून बेत करा, कारण चढ, वजन आणि सतत थांबत-निघत चालवणं यांनी ते घटतं. दिवसा काटा अर्ध्याखाली गेला की बाहेरच्या दिशेने वळा.

पार्कात अचानक बंद पडली तर या क्रमाने बघा:

1. किल्ली पूर्ण फिरली आहे का?
2. मागचा मोकळं फिरवण्याचा लिव्हर सुटलाय का? कोणाचा पाय लागून तो सरकतो.
3. बॅटरीचा डबा घट्ट बसलाय का? खडबडीत रस्त्यावर तो हलतो.
4. बॅटरीच्या डब्यावरचं छोटं बटण बाहेर आलंय का? भार जास्त झाला की ते सुटतं. एक मिनिट थांबून आत दाबा.
5. सकाळी खोलीतून निघताना चालत नसेल तर चार्जर अजून लावलेला आहे का? लावलेला असताना बऱ्याच स्कूटर हलतच नाहीत.

पाचही ठीक असतील तर लिव्हर सोडून स्कूटर सपाट, सावलीच्या जागी ढकलत न्या. आईला आधी बाकावर बसवा आणि मग कंपनीला फोन करा. बदली येईपर्यंत पार्कची व्हीलचेअर मिळते का ते विचारा.

परत देण्याच्या दिवशी किल्ली, चार्जर आणि बांधलेला गोंडा, तिन्ही मोजून बघा. चार्जर खोलीतल्या भिंतीत राहतो आणि विमानतळावर आठवतो.